अर्धा पॉइंट

“एक लाख दहा.”

एवढं बोलून त्यांनी टेस्टर वरच्या खिशाला पेनासारखा अडकवला आणि चपला शोधायला लागले. त्याआधी सात मिनिटं ते आमच्या घरातून फिरले होते. मुलगी बघायला आलेल्या मंडळींतली एखादी आत्या पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात डोकावते ना, तसे ते प्रत्येक खोलीत डोकावले. दोन ठिकाणी भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक केली. एका बोर्डाला कान लावला. वही नाही, टेप नाही, कॅल्क्युलेटर नाही. आणि मग एक लाख दहा.

“एक लाख दहा कसे?” मी विचारलं.

“कसे म्हणजे? वायरिंगचे.”

यावर पुढे काय विचारायचं असतं, हे साठी उलटली तरी मला कळलेलं नाही. मी “बरं, बरं” म्हणालो आणि त्यांना लिफ्टपर्यंत सोडून आलो. परत आलो तर बायको दारात उभी. “कसे म्हणे एक लाख दहा?” मी म्हणालो, “वायरिंगचे.” तिने माझ्याकडे जसं बघितलं तसं मला त्या गृहस्थांकडे बघता आलं असतं, तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

आमची इमारत कोथरूडमधली, १९८७ सालची. तेव्हाच्या वायरिंगवर चार ट्यूबलाइट, तीन पंखे, एक फ्रिज, एक इस्त्री आणि अख्ख्या मजल्याने मिळून बघायचा एक टीव्ही एवढाच भार होता. पुढे त्याच तारांवर आम्ही मिक्सर, गिझर, ओव्हन, वॉशिंग मशीन, एसी आणि चार मोबाइलचे सहा चार्जर चढवले. टांग्याला उसाची ट्रॉली जुंपावी तसं. गेल्या उन्हाळ्यात स्वयंपाकघरातला बोर्ड हाताला गरम लागायला लागला. “यावर कुरडया वाळतील,” बायको म्हणाली. मी ते त्या बोर्डाचं कौतुक समजलो. मग एका सकाळी त्यातून चर्र असा आवाज आला आणि गॅसवर तर काहीच नव्हतं.

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक निवृत्त ऑडिटर राहतात. वाण्याची यादी लिहितानाही ते उजवीकडे बेरजेसाठी समास सोडतात. एक लाख दहाची गोष्ट ऐकून ते खुर्चीत पुढे सरकून बसले. “एकच आकडा? मोघम? अहो, ब्रेकअप मागा, ब्रेकअप!” आमच्या पिढीत ब्रेकअप फक्त कोटेशनचा होत असे, त्यामुळे मला त्यात वावगं काही वाटलं नाही. “आणि किमान तीन कोटेशनं घ्या,” ते म्हणाले. हे त्यांनी इतक्या गंभीरपणे सांगितलं की त्याच संध्याकाळी मी आणखी दोघांना बोलावलं.

दुसरे आले ते टॅब घेऊन. भिंतीवर लेझरचा लाल ठिपका टाकून अंतर मोजत होते. दोन दिवसांनी त्यांचं कोटेशन आलं : चार पानं, ३१ बाबी, एकूण १,३८,४६० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, अखेर १,६३,३८२ रुपये ८० पैसे. ऑडिटरसाहेबांनी ते ८० पैसे पाहिले आणि त्यांचे डोळे पाणावले. “याला म्हणतात हिशोब,” ते म्हणाले.

तिसऱ्याने व्हॉइस मेसेज पाठवला. एक मिनिट ४७ सेकंदांचा. त्यातली पहिली ४० सेकंदं तो रिक्षातून उतरत होता आणि सुट्ट्या पैशांवरून रिक्षावाल्याशी त्याची चर्चा चालली होती. (ती बाकीच्या मेसेजपेक्षा जास्त तपशीलवार होती.) शेवटी तो म्हणाला, “सत्तर-पंच्याहत्तरपर्यंत बसवून टाकू काका, टेन्शन नका घेऊ.” मी तोपर्यंत घेतलं नव्हतं. तेव्हापासून घेतलं.

तिन्ही कोटेशनांची तुलना करायला मी कागद घेऊन बसलो आणि इथे खरी पंचाईत झाली. तुलना करायची तर एकक सारखं हवं. वायरिंगच्या धंद्याचं एकक म्हणजे पॉइंट. पॉइंट म्हणजे काय, याबद्दल मात्र तिघांची तीन घराणी. एकाच्या पॉइंटमध्ये बोर्डापासून दिव्यापर्यंतची वायर, पाइप, बटण आणि मजुरी सगळं. दुसऱ्याच्या पॉइंटमध्ये फक्त वायर आणि मजुरी. बटण वेगळं, बटणाची प्लेट वेगळी, प्लेट ज्यात बसते तो डबा वेगळा, आणि डबा ज्यात बसतो ती भिंत आपली. तिसऱ्याला फोन करून विचारलं, “तुमच्या पॉइंटमध्ये काय काय येतं?” तो म्हणाला, “सगळं येतं काका, बाहेरचं सोडून.”

शिवाय अर्धा पॉइंट हा एक प्रकार असतो. बोर्डावर पंख्या-दिव्यांची बटणं असतातच; त्याच बोर्डावर शेजारी एखादा प्लग बसवला तर त्याला नव्याने लांबून वायर आणावी लागत नाही. त्याला ‘ऑन बोर्ड’ म्हणतात आणि तो अर्धा धरतात. चार पानांच्या कोटेशनात असे नऊ अर्धे होते. बायकोने विचारलं, “अर्ध्या पॉइंटचा शॉक अर्धाच बसतो का?” मला हा प्रश्न त्या टॅबवाल्या गृहस्थांना विचारायचा होता, पण त्यांच्या शर्टाला कडक इस्त्री होती.

ऑडिटरसाहेबांच्या आग्रहावरून मी पेन्सिल घेऊन त्या ३१ बाबी तपासायला बसलो. इतकी वर्षं आयुष्यात काही खोडायचा अधिकार मिळाला नव्हता, तो एकदम मिळाला. बाब ७ : अर्थिंगची हिरवी वायर, ६,८०० रुपये. मी उठून आमचे जुने प्लग पाहिले. तीन भोकं होती. म्हणजे अर्थिंग होतंच की! खोडलं. बाब १२ : आरसीसीबी, ३० मिलिअँपिअर, ३,१५० रुपये. फ्यूज असताना हा कोण नवा? खोडला. बाब १५ : गिझरला चारची वायर. धंद्यात वायरीला एकची, दीडची, अडीचची, चारची असं म्हणतात, डाळीच्या भावासारखं. तो आकडा म्हणजे आतल्या तांब्याच्या छेदाचं क्षेत्रफळ, चौरस मिलिमीटरमध्ये. चारच्या जागी दीडची केली तर किती वाचतात, ते मी समासात लिहिलं. बाब २२ : मॉड्युलर प्लेट, शॅम्पेन गोल्ड. ही ठेवली. हॉलमध्ये पाहुणे येतात. बाब २४ : झुंबराचा पॉइंट, कॉइल हुकासह. झुंबर नव्हतं, पण पॉइंट असला की झुंबर येतंच, म्हणून तोही ठेवला. तासाभरात मी १९ हजार वाचवले आणि त्या समाधानात पेन्सिलीला टोक काढलं.

बाजारात भाव काढून पाहावेत म्हणून दुसऱ्या दिवशी बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेलो. पुण्यातला इलेक्ट्रिकचा बाजार तो. नव्वद मीटरच्या वायर-बंडलाचा भाव विचारला. दुकानदाराने बंडलाकडे बघायच्या आधी माझ्याकडे बघितलं.

“काम कोण करतंय?”

“भाव सांगा ना.”

“तेच विचारतोय. काम कोण करतंय?”

तिथे मला कळलं की बंडलावर छापलेली किंमत ही पत्रिकेवरच्या मुहूर्तासारखी असते. तेव्हाच लग्न लागेल असं कोणी धरून चालत नाही. तिच्यातून किती टक्के वजा होणार हे विचारणारा कोण आहे यावर ठरतं. मला एक भाव, वायरमनला दुसरा, रोज दहा बंडलं नेणाऱ्या ठेकेदाराला तिसरा. वर हा भाव आठ दिवसांपुरताच. कारण वायर म्हणजे तांबं, आणि तांब्याचा भाव ठरतो लंडनच्या धातुबाजारात. तो १८७७ पासून चालू आहे. लंडनमध्ये तांबं चढलं की शिंक तपकीर गल्लीत येते. माझ्या चुलत्यांनी लंडन पाहिलं होतं. आमच्या स्वयंपाकघरातल्या बोर्डाचा भाव तिथे ठरतो, हे त्यांना कळलं असतं तर ते एक चक्कर मारून बघून आले असते.

काउंटरवर एक पोरगा वायरच्या खोक्यातलं कुपन मोबाइलवर स्कॅन करत होता. मी विचारलं तर म्हणाला, पॉइंट जमा होतात. पुन्हा पॉइंट! हे पॉइंट वायरमनच्या खात्यात, आणि पुरेसे साठले की त्याच्या घरी मिक्सर. मी घरी येईपर्यंत हिशोब करत होतो, की माझ्या भिंतीतल्या वायरीमधून कोणाच्या घरी चटणी वाटली जाणार आहे आणि हे कोटेशनच्या कितव्या पानावर लिहायला हवं होतं.

ठेकेदाराने आपला नफा उघड लिहून दाखवावा असं एकच गिऱ्हाईक या देशात आहे, ते म्हणजे सरकार. बांधकाम खात्याच्या दरसूच्या असतात. दिव्याच्या एका पॉइंटचा दर कसा निघाला याचं पृथक्करण असतं : इतके मीटर वायर, इतका पाइप, इतके स्क्रू, वायरमनच्या दिवसाचा अमुक भाग, मदतनिसाचा तमुक भाग. केंद्राच्या बांधकाम खात्याच्या पृथक्करणात तर शेवटी ठेकेदाराचा नफा आणि वरखर्च १५ टक्के, असं स्वच्छ लिहिलेलं असतं. (टक्केवारी या शब्दाचा जो दुसरा अर्थ आपल्या मनात आला, तो दरसूचीत नसतो.) हाच रकाना खासगी कोटेशनात छापला, तर आपण काय करू? मी माझंच सांगतो. मी पेन्सिल आधी तिथेच नेली असती. तो माणूस सहा मजले चढून येतो, मोबाइलवर दिवसाला चाळीस फोन घेतो, त्याच्या स्कूटरला पेट्रोल लागतं आणि त्याच्याही घरी बोर्ड गरम होतो, हे सगळं मला तत्त्वतः मान्य असतं. पण ओळ दिसली की हात शिवशिवतो.

सोनाराकडे आपण हेच करतो. पावतीवर वजन मिलिग्रॅमपर्यंत, शुद्धता, हॉलमार्क, ३ टक्के जीएसटी, सगळं असतं. सोन्याचा भाव पेपरात छापून येतो म्हणून त्याला कोणी हात लावत नाही. सगळी घासाघीस घडणावळीवर. वायरिंगचंही तेच. तांब्यापुढे आपण मान तुकवतो आणि मजुरीवर तुटून पडतो. म्हणून मुरलेला ठेकेदार मजुरी अशा ठिकाणी ठेवतो की ती दिसू नये : थोडी पाइपात, थोडी डब्यात, थोडी ‘किरकोळ’मध्ये. किरकोळ हा मराठीतला सर्वांत मोठा शब्द आहे. त्यात इन्सुलेशन टेप, स्क्रू, गिट्ट्या, ड्रिलचं तुटलेलं पातं, दोन पोरांचा वडापाव आणि मागच्या गिऱ्हाइकाने बुडवलेले पैसे एवढं सगळं मावतं.

आणि नुसता तपशील भरपूर असला की व्यवहार स्वच्छ झाला, हा ऑडिटरसाहेबांचा सिद्धान्तही मला पटेनासा झाला होता. मेव्हण्याचं अपेंडिक्स काढलं तेव्हा रुग्णालयाने ११ पानी बिल दिलं. कापसाच्या बोळ्यापर्यंत सगळं वेगवेगळं. त्यात हातमोज्यांचे ४६ जोड होते. तीन दिवसांत. मेव्हणा बिचारा विचारत राहिला, “अपेंडिक्स एकच असतं ना?” त्या ११ पानांतून आम्हाला एवढंच समजलं की आम्हाला काही समजणार नाही. याउलट खानावळीत पाटी असते : थाळी १८०. आमटीतल्या कोकमाचे किती, असं आजवर कोणी विचारलेलं नाही.

मग तपशील द्यावा तरी किती? माझं मत आता असं आहे की पॉइंट किती, पॉइंटमध्ये काय काय धरलं आहे, वायर कितीची आणि कुठल्या कंपनीची, आणि मुख्य म्हणजे काय धरलेलं नाही, हे कागदावर हवंच. हे शेवटचं फार महत्त्वाचं. चार पानी कोटेशनाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ होती : “झिऱ्या बुजवणे, प्लास्टर, रंग व राडारोडा उचलणे पार्टीकडे.” पार्टी म्हणजे मी. या धंद्यात गिऱ्हाइकाला पार्टी म्हणतात, आणि मी इतके दिवस समजत होतो की पार्टी म्हणजे जिथे आपल्याला काही करावं लागत नाही. भिंतीत वायर घालायची तर भिंत चिरावी लागते. चिरलेल्या भिंतीचं काय करायचं, यातच निम्मं भांडण असतं. ते आधी लिहिलेलं बरं. पण ड्रिलचं पातं कितीला आणलं आणि त्या माणसाला माझ्या कामात किती सुटले, हे मला कळून मी काय करणार? वाईट वाटून घेणार.

अर्थात हे शहाणपण नंतरचं. तेव्हा मी ते पेन्सिलीने खोडलेलं कोटेशन घेऊन पुन्हा एक लाख दहावाल्यांना बोलावलं आणि त्यांच्यापुढे ठेवलं. जरा तोऱ्यातच. त्यांनी चारही पानं वाचली. वाचताना ओठ हलत होते.

“हे तुम्ही खोडलं?”

“हो.”

“हिरवी वायर, आरसीसीबी आणि गिझरची चारची. हे सगळं मी करणार होतो काका. म्हणून तर लिहून देत नाही.”

मग ते उठले, मेन बंद केला आणि स्वयंपाकघरातला एक जुना प्लग उघडून माझ्यासमोर धरला. दोन भोकांना मागून वायर होती. तिसऱ्याला काहीच नव्हतं. ३७ वर्षं ते भोक नुसतं शोभेला होतं. बायकोने याच प्लगात ओल्या हाताने मिक्सर लावला होता, रोज, चटणीसाठी. नंतर त्यांनी गिझरची वायर ओढून बाहेर काढली. वरचं प्लास्टिक तळणीत राहिलेल्या शेवेसारखं तपकिरी झालं होतं. नखाने दाबलं तर पापुद्रा निघाला. “दोन हजार वॅटचा गिझर,” ते म्हणाले, “म्हणजे नऊ अँपिअरच्या आसपास. आणि ही एकची वायर, ती पण जॉइंट मारलेली.” त्यांनी जॉइंट दाखवला. त्याला चिकटपट्टी होती, पाकिटाला लावतात ती. मला आठवलं, ती मीच लावली होती. १९९८ मध्ये, स्वतःच्या कौशल्यावर खूश होत.

“आणि आरसीसीबी म्हणजे काय?” बायकोने विचारलं.

“काकू, फ्यूज वायर वाचवतो. हा माणूस वाचवतो. तीस मिलिअँपिअर बाहेर पाझरले की मेन पाडतो.”

“आणि हे तुम्ही खोडलंत?” ती माझ्याकडे वळली. “झुंबर ठेवून?”

काम एक लाख दहावाल्यांना मिळालं. त्यांनी एक विचारलं, “बिल लागेल का?” हा प्रश्न वायरिंगच्या धंद्यात ‘जेवलात का’ इतक्या सहज विचारला जातो. त्यांची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आतली, म्हणून जीएसटीची नोंदणी नाही. साधी पावती देणार होते. मला अशीही माणसं माहीत आहेत ज्यांना तपशील चार पानी लागतो आणि शेवटी बिल मात्र नको असतं. मी ताठ मानेने म्हणालो, “बिल हवं. तपशीलवार हवं.” ते म्हणाले, “काम झाल्यावर देतो. भिंतीत काय निघतंय ते आधी बघू.”

भिंतीत काय निघतं ते तिसऱ्या दिवशी कळलं. हॉलच्या छतात १९८७ चा पाइप गाडलेला. त्यातून नवी वायर न्यायची म्हणजे आधी एक लवचीक पोलादी तार सरकवायची. तिला स्प्रिंग म्हणतात. एक पोरगा शिडीवर, पंख्याच्या डब्याशी. दुसरा खाली बोर्डाशी. स्प्रिंग साधारण अकरा फूट गेली आणि थांबली. “ओढ.” “ओढतोय.” “सोड.” “सोडली.” “पुन्हा ढकल.” बायकोच्या टाल्कम पावडरचा डबा मागून घेतला, वाटीभर पावडर पाइपात गेली, हॉलमध्ये लहान बाळ न्हाऊन निघाल्यासारखा वास सुटला, स्प्रिंग तिथेच. मग उलट्या बाजूने. मग स्प्रिंगचं टोक पक्कडीने वळवून. मग एक लाख दहावाले, पोरांचे शेठ, स्वतः शिडीवर चढले, डोळे मिटून स्प्रिंग दोन बोटांत धरून हळूहळू फिरवत राहिले. वैद्याने नाडी बघावी तसे. “सिमेंट आहे,” ते म्हणाले. “स्लॅब टाकताना आत गेलंय. जिथे वाकतो पाइप, तिथे.” भिंतीवर त्यांनी खडूने फुली मारली. तिथे छिन्नी लावली. चार इंच फोडल्यावर पाइप दिसला आणि पाइपात खरोखरच सिमेंटचा गोळा, लाडवाएवढा. सगळं मिळून दोन तास वीस मिनिटं. शिडीवरचा पोरगा मला म्हणाला, “काका, सत्याऐंशी साली ज्याने हे केलंय, त्याचं बिल कोणाला लावायचं?”

मी ऑडिटरसाहेबांना आवडलेलं चार पानी कोटेशन आणून पाहिलं. ३१ बाबींत सिमेंटचा लाडू नव्हता. म्हणजे तो आला असता तर एक्स्ट्रा. एक लाख दहामध्ये तो होता. सात मिनिटांच्या टकटकीत त्यांनी तो ऐकला होता की काय, कोण जाणे.

चहा घेताना शेठ म्हणाले, “काका, तुम्ही काय करता?”

मी भाषांतरं करतो. विम्याचे फॉर्म, बँकांची पत्रकं, औषधाच्या पाकिटातला तो घडीचा कागद. इंग्रजीतून मराठीत.

“रेट काय तुमचा?”

“शब्दाला दोन रुपये.”

“म्हणजे पर पॉइंट,” ते खूश झाले. “मटेरियलसकट?”

मी समजावून सांगितलं की शब्द इंग्रजीतले मोजतात. कारण ‘फ्रॉम द टेबल’ म्हटलं की इंग्रजीत तीन शब्द होतात आणि मराठीत ‘टेबलावरून’ एकच. मराठीतले मोजले तर माझं दिवाळं निघेल. त्यांनी मान डोलावली. लांबून वायर आणायची आणि पैसे बटणाचे घ्यायचे, असं काहीसं त्यांना ते वाटलं असावं.

“आणि ‘आणि’चे किती?”

“दोन.”

“‘आणि’चे पण दोन? मोठ्या शब्दाचे पण दोनच?”

“हो. सरासरी पडते.”

“नाही पण काका, ‘आणि’ला तुम्हाला डोकं कुठे लावावं लागतं? तो शेजारच्या शब्दाला चिकटून येतो. तो ऑन बोर्ड धरा की. अर्धा.”

दोन्ही पोरं हसली. मी त्यांना सांगायला लागलो की एका पत्रकात एका ‘किंवा’वरून माझे दोन दिवस गेले होते, विमा कंपनीला तो ‘आणि’ हवा होता की ‘किंवा’, यावर कोणाला पैसे मिळणार ते ठरणार होतं. ते दोन दिवस मी कुठे लावले? दुसऱ्या दीडशे सोप्या शब्दांत. हे सांगता सांगता माझाच आवाज खाली गेला. शेठनी बशी खाली ठेवली. “म्हणजे तुमच्याकडे पण सिमेंट निघतं,” ते म्हणाले आणि कामाला लागले.

शेवटच्या दिवशी नवा डीबी बसला. पांढरा डबा, आत ओळीने एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणारी बटणं. बायकोच्या हट्टाने देवघराला स्वतंत्र एमसीबी होता. हॉलमध्ये काही पडलं तर देव अंधारात नको. शेठनी मार्करने चिठ्ठ्या लिहून चिकटवल्या आणि मला बघायला बोलावलं. ‘हॉल आणी बाल्कणी’. ‘किचन’. ‘गिजर’. ‘बेडरुम’. ‘एसी’. ‘देव’. मी गप्प बसणार होतो. खरंच. पण चाळीस वर्षांची सवय. म्हटलं, बाल्कनीचा न, गिझरचा झ, बेडरूमचा रू दीर्घ. आणि ‘आणि’ ऱ्हस्व. मराठीत शेवटचा इकार एरवी दीर्घ असतो, पण ‘आणि’ आणि ‘नि’ हे अपवाद.

“ऱ्हस्व म्हणजे छोटा?”

“हो.”

“बघा,” ते म्हणाले. “मी म्हणत नव्हतो, अर्धा.”

चिठ्ठ्या नव्याने लिहिल्या. संध्याकाळी त्यांनी कबूल केल्याप्रमाणे तपशीलवार बिल दिलं. पावतीपुस्तकाची दोन पानं भरून, अक्षर सुवाच्य. पैसे चुकते करायच्या आधी मी ते ऑडिटरसाहेबांना दाखवायला नेलं. त्यांनी चष्मा लावला, पेन्सिल घेतली आणि एकेक ओळ खाली येत गेले. पॉइंट, ६१. ऑन बोर्ड, ९. वायर, बंडलं. डीबी. आरसीसीबी. स्प्रिंग अडकली, शून्य रुपये. किरकोळ, ६४०. इथे ते थबकले, नाक मुरडलं, पुढे गेले. बेरजेच्या वर शेवटची एक ओळ होती आणि त्यांची पेन्सिल तिथे थांबली.

“हे काय? ‘वजा : शब्द तपासणी, साडेसात शब्द, दर २, रुपये १५.’ शब्द साडेसात कसे असतील?”

“एक ऑन बोर्ड आहे,” मी म्हणालो.